हॅलार्ड बेची टेलिफोनबाई

हिवाळ्यात हॅलार्ड बेला सकाळ अशी धड होतच नाही. समुद्रावरून धुकं वर येतं, रस्त्यात शिरतं, कुंपणं गिळून टाकतं, आणि मग त्या पांढऱ्या पसाऱ्यातून घरांची धुरांडी तेवढी वर राहतात. अशा वेळी मी अंगणात लाकडं घ्यायला गेले की शेजारच्या घरातला फोन वाजलेला ऐकू यायचा. तो थांबला की जरा वेळानं पलीकडच्या घरातला. मग टेकडीखालचा, मग बंदराकडचा. ते काही मला ऐकू येण्यासारखे नव्हते, पण ऐकू आल्यासारखे वाटायचे.

"नोला निघाली," माझा नवरा चहा ओतता ओतता म्हणायचा.

नोला अर्थातच कुठे निघालेली नसायची. ती आपल्या स्वयंपाकघरात, जाड लोकरी मोजे घालून, पाय शेगडीकडे करून बसलेली असायची. निघालेला असायचा तो तिचा आवाज.

नोला बेसेलकडे आमच्या कौन्सिलची सकाळची विचारपूस होती. गावात जे एकटे राहतात, म्हातारे, आजारी, नुकतंच जोडीदार गेलेले, त्यांना रोज सकाळी एक फोन जायचा. उठलात का, झोप लागली का, शेगडी पेटली का. उचलला नाही तर थोड्या वेळानं पुन्हा. तेव्हाही नाही उचलला, तर नोला मला कळवायची. मी कौन्सिलच्या जेवणाच्या गाडीवर आहे. दुपारी घरोघर गरम डबे पोचवते, त्यामुळे सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.

नोला जन्मली टेकडीमागे, बापाच्या गाईंच्या गोठ्याला लागून असलेल्या घरात. तिथे आता औषधाच्या कारखान्यासाठी अफू लावतात. शाळा सुटली तशी ती पोस्टातल्या टेलिफोनच्या खुर्चीवर जाऊन बसली. तेव्हा गावात कुणालाही कुणाशी बोलायचं तर आधी नोलाशी बोलावं लागायचं. कानावर वाटी, समोर भोकाभोकांचा फळा, हातात दोऱ्या. ती दोरी उचलायची, भोकात खुपसायची, आणि दोन माणसं एकमेकांना भेटायची. कुणाला मूल झालं, कुणाची बोट परत आली नाही, कोण कुणावर रुसलंय, सगळं तिच्या कानावरून गेलं आणि कानातच राहिलं. तिच्या आवाजाचं वर्णन करणं कठीण. गोड नव्हता तो. जरा खालच्या पट्टीतला, सावकाश, उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखा मोकळा.

रे बेसेल सिमेंटच्या कारखान्यात होता. त्याला फोन करायला जगात कुणीच नव्हतं. तरी रोज संध्याकाळी तो रस्त्यावरच्या फोनपेटीत शिरायचा.

"कुणाशी जोडू?" नोला विचारायची.

"कुणाशी नको. हवा कशी आहे तेवढं सांगा."

"हवा तुमच्याकडेही तीच आहे हो. दार उघडून बघा."

"बघितली. तुमच्या तोंडून ऐकायचीय."

असं बरेच महिने चाललं. शेवटी हवेवरून लग्नावर गोष्ट आली.

मग पोस्टात आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि नोलाची खुर्ची गेली. ती वाटाणे गोठवायच्या कारखान्यात लागली. तिथे यंत्रांचा इतका खडखडाट की दिवसभर कुणी कुणाशी बोलायचं नाही, नुसते हात चालायचे. पुढची सगळी वर्षं तिथेच गेली. "स्वप्नात मला हिरवे वाटाणे वाहताना दिसतात, नदीसारखे," ती सांगायची, "आणि नदीपलीकडून कुणीतरी मला नंबर मागतंय." ती कामावरून निवृत्त झाली आणि लवकरच रे गेला, अंगणात टोमॅटोंना पाणी घालता घालता. त्यानंतरच्या हिवाळ्यात नोला कुणाशीही बोलली नाही. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. बोलायचं राहूनच गेलं.

त्याच हिवाळ्यात बंदराजवळच्या एका घरात एक म्हातारा गेला आणि ते गावाला फार उशिरा कळलं. कौन्सिलच्या रोवेना प्लंकेटला ते फार लागलं. रोवेना म्हणजे पायात चिखलाचे बूट, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद, आणि डोक्यात सदोदित कुणाची तरी काळजी. कौन्सिलची बस, जेवणाची गाडी, फिरतं वाचनालय, म्हाताऱ्यांच्या न्हाणीघरात धरायला लावायच्या दांड्या, सगळं तीच बघते. तिनं गावच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाली, "रोज सकाळी प्रत्येक एकट्या माणसाला कुणीतरी हाक मारली पाहिजे. कोण मारेल?"

मागच्या रांगेतून नोला उठली. "मला फोन धरता येतो," ती म्हणाली. तो आवाज ऐकून हॉलमधली निम्मी म्हातारी माणसं खुर्चीतल्या खुर्चीत वळली. कुणीतरी पुटपुटलं, "अरे, ही तर टेलिफोनबाई!"

अशी ती परत आली.

क्लेम डिनीन हा जुना मासेमार. बायको गेल्यापासून तो सगळ्या जगावर गुरगुरायचा. मी डबा घेऊन गेले की दाराच्या फटीतून हात बाहेर काढायचा, डबा ओढून घ्यायचा, आणि आतून म्हणायचा, "पुन्हा गाजरं?" पण सकाळी नोलाचा फोन आला की तो तिला आपली स्वप्नं सांगायचा. अख्खी, पहिल्यापासून.

"ऐक गं. आज माझी बोट टेकडीवर होती. अफूच्या शेतात. सगळी फुलं पांढरी, आणि वाऱ्यानं लाटा येतायत. मी जाळं टाकलं."

"काय लागलं जाळ्यात?"

"माझी आई. रागावलेली. म्हणाली, पाय पुसून घरात ये."

"मग पुसलेस का?"

"बोटीत पायपुसणं कुठलं आलंय, बाई? काहीतरीच विचारतेस!"

आणि फोन आदळायचा. पण दुसऱ्या दिवशी तो फोनशेजारीच बसलेला असायचा.

टेकडीखाली काझिक राहायचा. तरुणपणी पोलंडहून आलेला, डोंगरातली धरणं बांधायला. बायको नाही, मूल नाही, बोलणंही नाही. नोलानं विचारलं, "काझिक, कसा आहेस?" की तो म्हणायचा, "झिये." म्हणजे त्याच्या भाषेत, जिवंत आहे. एवढं बोलून फोन ठेवायचा. नोला हसायची. "एका शब्दात सगळं सांगतो. बाकीच्यांना शिकवलं पाहिजे."

आणि ओट्सबाई. त्या शाळेत पियानो शिकवायच्या. आता त्यांची वर्षं एकमेकांत मिसळून गेली होती. नोलाचा आवाज ऐकला की त्यांना वाटायचं पोस्टातूनच फोन आहे. "बाई, लॉन्सेस्टनला जोडा हो. माझ्या बहिणीशी बोलायचंय."

लॉन्सेस्टन शहरात राहणारी ही बहीण वारून कितीतरी वर्षं झाली होती. नोला म्हणायची, "लाइन मोकळी नाही ओट्सबाई. लागली की जोडते. तोवर दूध पिऊन घ्या."

एका सकाळी मात्र ओट्सबाई ऐकेनात. रडायला लागल्या. "तुम्ही रोज असंच सांगता. मला तिला एकच गोष्ट सांगायचीय." नोला पोस्टातल्या जुन्या आवाजात म्हणाली, "लॉन्सेस्टन लागलं. बोला."

आणि ओट्सबाई बोलल्या. आईच्या निळ्या कपाबद्दल. तो त्यांनी फोडला होता आणि मार बहिणीनं खाल्ला होता. बोलून झाल्यावर थांबल्या. नोलानं श्वाससुद्धा जपून घेतला. "ती काही बोलत नाहीये," ओट्सबाई म्हणाल्या, "पण ऐकतेय. तिची ऐकायची पद्धत मला ठाऊक आहे." आणि शांतपणे फोन ठेवला.

त्या दुपारी नोला माझ्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. "बेथ, मी खोटं बोलले का गं?"

"कप कुणी फोडला ते तरी कळलं की," मी म्हटलं.

"तेच तर. आता ते मला माहीत आहे. जिला सांगायचं होतं तिला नाही." आणि ती धुक्यात निघून गेली.

पुढच्या वर्षी नोलाचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी. मग वाटलं शेगडीचा धूर. क्लेम म्हणाला, "मध घे, बाई. बेडकासारखी बोलतेस." उन्हाळा आला तरी आवाज उघडेना. रोवेनानं मला सोबत घेऊन तिला कौन्सिलच्या गाडीतून शहरातल्या इस्पितळात नेलं. घशात, आवाज जिथे तयार होतो त्याच जागी, गाठ होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: जीव वाचेल, पण ती जागाच काढावी लागेल. नोला पुन्हा बोलणार नाही.

परतीच्या वाटेवर गाडी मीच चालवत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अफू फुलली होती, फिकट जांभळी, आणि संध्याकाळचा प्रकाश त्या पाकळ्यांतून आरपार जात होता. नोला बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

"मरायची भीती नाही वाटत," ती खरखरत म्हणाली. "पण सकाळी काय करू मी?"

शस्त्रक्रियेला जाण्याआधी तिनं सगळ्यांना एकेक शेवटचा फोन केला. मी काही दिवस बाहेर जातेय, एवढंच सांगितलं. क्लेम म्हणाला, "मग मी स्वप्नं बघू की नको?" ती म्हणाली, "बघ. साठवून ठेव."

ती घरी आली तेव्हा गळ्यावर भोक होतं, त्यावर जाळीदार पट्टी, आणि त्यावर रेचा जुना निळा रुमाल. इस्पितळानं एक यंत्र दिलं होतं, गळ्याला लावलं की बोलता येतं असं. नोलानं ते एकदा लावलं. डब्यात अडकलेल्या माशीचा आवाज आला. तिनं ते पुसलं, नीट गुंडाळलं आणि खणात ठेवून दिलं. पुन्हा काढलं नाही.

आता सगळं उलटं झालं. मी तिच्या घरी डबा पोचवायला लागले. मऊ भोपळ्याचं सूप, कुस्करलेला बटाटा. कौन्सिलचा माणूस येऊन गवत कापून जायचा. नोला पाटीवर खडूनं लिहायची: "गाजरं नाहीत? क्लेमला मिळाली वाटतं." डोळे हसायचे, पण पाटी पुसली की चेहराही पुसला जायचा.

विचारपुशीचे फोन आता रोवेना करत होती, सफरचंद बाजूला ठेवून. बिचारी जीव ओतायची. क्लेम म्हणायचा, "तू कोण? मला कौन्सिलशी बोलायचं नाहीये." काझिक फोन उचलायचा आणि काहीच बोलायचा नाही. ओट्सबाई विचारायच्या, "पोस्टात नवीन मुलगी आलीय का?"

रोवेना एकदा नोलाकडे येऊन बसली. "नोला, आता तूही एकटी आहेस. तुलाही रोज फोन करते मी."

नोलानं लिहिलं: "आणि मी काय बोलणार?"

"बोलू नकोस. उचल आणि चमच्यानं वाजव. टक. म्हणजे मला कळेल."

नोलानं नाही म्हणून मान हलवली. पाटी उलटी करून ठेवली.

मला वाटतं मीच बोलून गेले असेन क्लेमकडे. डबा देताना म्हटलं, "नोलाला आता बोलता येत नाही, म्हणून ती फोन घ्यायचा नाही म्हणते." तो दाराच्या फटीतून माझ्याकडे बघत राहिला. "गाजरं आहेत का?" असंही त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोलाचा फोन वाजला. तिनं वाजू दिला. पुन्हा वाजला. पुन्हा. शेवटी वैतागून तिनं उचलला.

"ऐक गं," क्लेम म्हणाला. त्यानं कित्येक वर्षांत आपणहून कुणाला फोन केला नव्हता. "माझ्याकडे खूप साठलीत. कुठून सुरू करू? बरं, देवमाशाचं सांगतो. तो माझ्या स्वयंपाकघरात होता. अख्खा. त्याला चहा हवा होता आणि माझ्याकडे एवढी मोठी किटली नव्हती. तू आहेस ना? नोला?"

नोलानं इकडे तिकडे बघितलं. सुपाचा चमचा टेबलावर होता. तिनं तो उचलला आणि रिसीव्हरवर वाजवला. टक.

"हां," क्लेम म्हणाला. "तर मग मी बादलीत चहा केला."

तो सगळी स्वप्नं सांगून दमला तेव्हा धुकं उतरून ऊन आलं होतं. हे सगळं नोलानं मला पाटीवर लिहून सांगितलं. पाटी भरली की पुसायची, पुन्हा लिहायची, खडूची भुकटी तिच्या मांडीवर पडत होती. सगळ्यात शेवटी लिहिलं: "रोवेनाला बोलाव."

रोवेना आली. नोलानं आधीच लिहून ठेवलं होतं: "मी फोन करणार नाही. त्यांनी मला करायचा. मी ऐकीन. ज्याचा आला नाही त्याच्याकडे जायचं."

रोवेना ते वाचत राहिली, मग जोरात हसली. "अगं, हे आधी कसं सुचलं नाही आपल्याला?" आणि कौन्सिलच्या बैठकीत जाऊन तिनं ते मंजूर करून आणलं. एकानं विचारलं म्हणे, "बोलता न येणारी बाई फोनवर काय सेवा देणार?" रोवेना म्हणाली, "तुम्ही एकदा फोन करून बघा." त्यानं केला की नाही, माहीत नाही. पण पुढे काही विचारलं नाही.

तेव्हापासून सकाळी फोन उलट्या दिशेनं वाहायला लागले. बंदराकडून, टेकडीखालून, सगळे नोलाच्या स्वयंपाकघरात. आणि एक नवल झालं. समोरून काही प्रश्न येत नाही म्हटल्यावर माणसं जास्त बोलायला लागली. ओट्सबाई आता लॉन्सेस्टन मागतच नव्हत्या. फोन लागला की त्यांना वाटायचं, बहिणीशीच लागला. त्या बहिणीला रोजचं सांगायच्या, पियानोवर किती धूळ बसलीय, मांजर कुठे झोपलंय. मधूनच टक.

पण सगळ्यात मोठं नवल काझिकचं. त्यानं पहिल्या दिवशी "झिये" म्हटलं. नोलानं टक केलं. तो थांबला. फोन ठेवला नाही. मग त्यानं आपल्या भाषेत बोलायला सुरुवात केली. सावकाश, मग भरभर. नोलाला एक शब्द कळत नव्हता. तिनं लिहिलं: "बर्फाबद्दल बोलतो. घोडा असावा. एक बाई आहे, तिचं नाव हळू घेतो." मी विचारलं, "तुला कसं कळतं?" तिनं खांदे उडवले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी काझिकचा फोन आला नाही. नोलानं मला निरोप पाठवायला हवा होता, तसं ठरलेलं होतं. पण ती वाट बघायला थांबली नाही. कोट चढवला, रुमाल घट्ट केला आणि धुक्यातून टेकडीखाली चालत गेली. रस्ता दिसत नव्हता. तिच्या श्वासाचा तेवढा आवाज, गळ्यातून येणारा, शिट्टीसारखा. काझिकचं दार उघडं होतं, घर रिकामं. मागच्या अंगणात तो लाकडाच्या ढिगाशी पडला होता, पाय वेडावाकडा, ओठ निळे, डोळे उघडे. हाक मारायला नोलाकडे आवाज नव्हता. त्याच्यातही उरला नव्हता. तिनं आपला कोट काढून त्याच्यावर टाकला, आत जाऊन माझा नंबर फिरवला.

मी उचलला. काहीच नाही. मग टक, टक, टक, थांबेचना. फोनवर काझिकच्या घरचा नंबर दिसत होता. मी चपलाही नीट घातल्या नाहीत.

आम्ही रुग्णवाहिका घेऊन पोचलो तेव्हा नोला जमिनीवर बसली होती, काझिकचं डोकं मांडीवर घेऊन. तो तिच्याशी त्याच्या भाषेत पुटपुटत होता आणि ती बोटानं त्याच्या कपाळावर हलकं ठोकत होती. आपण इथे आहोत, ऐकतोय, एवढं कळवायला.

खुबा मोडला होता. बरा झाला, पण घरी परतला नाही. गावातच वृद्धाश्रमात त्याला खोली मिळाली, समुद्राच्या बाजूची. तिथून तो रोज सकाळी फोन करतो. नर्स म्हणते, इतका कुणाशी बोलतो हो हा?

गेल्या वसंतात रोवेनानं कौन्सिलची बस काढली. म्हणाली, "तुम्ही सगळे इतकी वर्षं एकाच बाईच्या कानात राहताय. एकदा एकमेकांची तोंडं तरी बघा." क्लेमनं आधी नकार दिला, मग सगळ्यात पुढच्या जागेवर येऊन बसला. काझिकची चाकांची खुर्ची मागच्या दारानं चढवली. ओट्सबाईंनी हातमोजे घातले होते. आम्ही भुशिराच्या टोकाला गेलो, जिथे संध्याकाळी समुद्रपक्षी बिळांकडे परततात. हजारोंनी, काळे, आवाज न करता, डोक्यावरून अगदी जवळून. उन्हाचा शेवटचा पट्टा पाण्यावर होता आणि आकाश नुसतं हलत होतं.

ओट्सबाईंनी शेजारी बसलेल्या नोलाकडे बघितलं. निळा रुमाल, गप्प चेहरा. ही कोण, हे त्यांना ओळखू येईना. ओळखण्यासारखं त्यांच्याजवळ होतं ते फक्त आवाजाचं.

"तुम्ही इथल्याच का?" त्यांनी विचारलं.

नोलानं मान हलवली, हो.

"मग बरं," ओट्सबाई म्हणाल्या आणि हातमोजा काढून तिच्या हातावर हात ठेवला.

क्लेम काझिककडे वाकून बघत होता. "काय रे, तू बोलतोस का काही?"

"झिये," काझिक म्हणाला.

"म्हणजे काय ते?"

काझिकनं वर पक्ष्यांकडे बोट दाखवलं, मग क्लेमकडे, मग स्वतःकडे. क्लेमनं जरा विचार केला. "बरं," तो म्हणाला, "थंडी वाजतेय. कुणी चहा आणलाय का?"

रोवेनानं थर्मास उघडला. वाफ वर गेली आणि आम्ही कप पुढे केले.